घरगुती फ्रिजचा कॉम्प्रेसर : एका बंदिस्त यंत्राची घडण

फ्रिज भिंतीपासून थोडा पुढे ओढून मागील बाजूस पाहिले, तर तळाशी रबरी पायांवर बसविलेला एक काळा लोखंडी डबा दिसतो. हाच कॉम्प्रेसर. त्याचे दोन अर्धे भाग वेल्डिंगने कायमचे जोडलेले असतात. बाहेर येतात त्या केवळ दोन-तीन नळ्या आणि विजेच्या तीन पिना. पिठाच्या गिरणीला पट्टा असतो, शेतावरील पंपाला मोटरशी जोडणारा दांडा असतो, शिलाई यंत्राला चाक असते. या डब्याबाहेर मात्र फिरणारे असे काहीच नाही. मोटर आत, दट्ट्या आत, वंगणाचे तेल आत आणि वायूही आत. हे सारे पंधरा-वीस वर्षे कोणी झाकण न उघडता, तेलाचा एक थेंब न घालता चालू राहते. घरातील दुसऱ्या कोणत्याही यंत्राकडून आपण अशी अपेक्षा करीत नाही.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आयटीआयमधून हा व्यवसाय शिकले, त्यांना या डब्याची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. तथापि तो असा बंद का झाला, हा प्रश्न त्यांनाही सहसा कोणी सांगितलेला नसतो. त्याच्या उत्तरास जवळजवळ तीस वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या तीस वर्षांत काही माणसे आपल्या राहत्या घरातच या यंत्रातून सुटलेल्या वायूने प्राणास मुकली. प्रस्तुत लेख मुख्यतः त्या काळाविषयी आहे.

प्रथम तत्त्व पाहू. माठातील पाणी गार होते, कारण बाहेर झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना तिला लागणारी उष्णता ती उरलेल्या पाण्यातून ओढून घेते. फ्रिजमध्येही हेच घडते. फरक इतकाच की माठाची वाफ हवेत विरून जाते आणि आपण सकाळी पुन्हा पाणी भरतो. फ्रिजमधील द्रव महाग असतो, पूर्वी तर तो विषारीही होता, म्हणून त्याची वाफ गोळा करून पुन्हा द्रव करावी लागते. वाफेवर दाब दिला की ती तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप खालच्या टोकाशी गरम लागतो, हा अनुभव सर्वांचा आहे. ही तापलेली, दाबलेली वाफ मागील जाळीतून फिरताना आपली उष्णता खोलीत सोडते आणि द्रव होते. मग तो द्रव एका अरुंद वाटेतून कमी दाबाच्या भागात शिरतो, तेथे उकळतो आणि फ्रिजच्या आतील उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर एका बाजूने वाफ खेचतो व दुसऱ्या बाजूने दाबतो. तो थांबला की फ्रिज म्हणजे नुसते कपाट.

हे तत्त्व घरी येण्याच्या पुष्कळ आधी कारखान्यांत रुळले होते. जेकब पर्किन्स यांनी अशा यंत्राचे पेटंट १८३४ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. योगायोग असा, की त्याच सुमारास अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांचा बर्फ जहाजांनी मुंबईच्या बंदरात उतरू लागला होता. पुढे १८७० च्या दशकात जर्मनीतील कार्ल फॉन लिंडे यांनी अमोनियावर चालणारी भरवशाची यंत्रे बांधली आणि मद्यनिर्मितीचे व बर्फाचे कारखाने त्यांवर चालू लागले. पण त्या यंत्रांजवळ तेलाची झारी घेऊन एक माणूस दिवसरात्र उभा असे. कोठे खरखर झाली, कोठे वास आला, तर पाना घेऊन तो धावे. घरात असा माणूस नसतो. घरात लहान मुले असतात, स्वयंपाकघराचे दार थंडीत बंद असते आणि रात्री सगळे झोपलेले असतात. कारखान्याचे यंत्र लहान करून घरात ठेवावे, इतका हा प्रश्न सोपा नव्हता. त्या पहारेकऱ्याला काढून टाकायचे होते, आणि त्याच्याविना यंत्र सुरक्षित राखायचे होते.

वायूची निवडही घराने बदलली. अमोनियाला द्रव करण्यासाठी मोठा दाब लागतो, शिवाय तो तांब्याला खातो. म्हणून पहिल्या घरगुती यंत्रांत बहुधा सल्फर डायऑक्साइड वापरला गेला. तो साध्या दाबाखाली उणे १० अंश सेल्सिअसला उकळतो आणि माफक दाबाने द्रव होतो. गंधक जाळल्यावर नाकाला झोंबणारा जो धूर येतो, तोच हा वायू. त्याचा थोडा अंशही डोळ्यांतून पाणी काढतो आणि माणसाला खोलीबाहेर पळवतो. हा त्याचा दोष, आणि एका अर्थी गुणही. काही कारखानदारांनी मेथिल क्लोराइड निवडला. तो धातूंशी बऱ्यापैकी नांदतो, पण विषारी आहे, ज्वलनशील आहे, आणि त्याचा वास इतका सौम्य की गळती झाल्याचे नाकाला कळतही नाही. त्याचे परिणाम पुढे येतील.

आता मुख्य अडचणीकडे वळू. विहिरीवरील किंवा नदीवरील पंप ज्यांनी चालविला आहे, त्यांना ग्लँड ठाऊक असते. मोटरचा दांडा पंपाच्या पोटात जेथून शिरतो, तेथे तो फिरला पाहिजे, पण पाणी बाहेर येता कामा नये. म्हणून त्याभोवती ग्लँडदोरी गुंडाळून नट आवळतात. फार आवळले तर दांडा तापतो व झिजतो, सैल सोडले तर पाणी गळते. जाणता शेतकरी थोडे पाणी ठिबकू देतो. पाणी ठिबकले तर वाफा ओला होतो, एवढेच. १९१० ते १९२५ या काळातील बहुतेक घरगुती कॉम्प्रेसर नेमके असेच होते. मोटर वेगळी, कॉम्प्रेसर वेगळा, दोहोंमध्ये चामड्याचा किंवा रबरी पट्टा, आणि दांडा जेथे कॉम्प्रेसरच्या पोटात शिरे तेथे ग्लँड. फक्त येथे ठिबकत होता तो विषारी वायू, आणि तोही स्वयंपाकघरात. शिवाय यंत्र बंद असताना दांडा थंड पडून आक्रसे, चालू होताना तापून फुगे. दिवसातून अनेकदा होणाऱ्या या चढउताराने सर्वांत चांगली ग्लँडही हळूहळू सैल होई.

शिकागोचे फ्रेड वुल्फ यांनी १९१३ मध्ये ‘डोमेलर’ नावाचे यंत्र बाजारात आणले. ते स्वतंत्र कपाट नव्हते. लोकांकडे बर्फाची लादी ठेवण्याचे जे लाकडी कपाट असे, त्याच्यावर हे बसवायचे. फोर्ट वेनचे आल्फ्रेड मेलोज यांनी १९१५ मध्ये आपल्या घरामागील धुण्याच्या खोलीत एक फ्रिज जोडला आणि पुढे ‘गार्डियन’ नावाने कंपनी काढली. दोन वर्षांत त्यांचे चाळीसही फ्रिज खपले नाहीत, आणि जे खपले ते दुरुस्त करण्यासाठी मेलोज यांना ग्राहकांच्या घरी वारंवार खेपा घालाव्या लागत. १९१८ मध्ये जनरल मोटर्सचे विल्यम ड्युरंट यांनी ती कंपनी घेतली व तिला ‘फ्रिजिडेअर’ हे नाव मिळाले. डेट्रॉइटमध्ये नॅथॅनिएल वेल्स यांच्या कल्पनेवर एडमंड कोपलँड आणि अर्नोल्ड गॉस यांनी ‘केल्विनेटर’ उभी केली. या नावात उष्णतेच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, लॉर्ड केल्विन, यांचे स्मरण आहे. केल्विनेटरचे सुरुवातीचे कॉम्प्रेसर तळघरात बसवून नळ्या वरच्या कपाटापर्यंत नेत असत. आवाज व वास घरापासून दूर राहावा, हा हेतू. पण नळी जितकी लांब, तितके जोड अधिक.

ग्लँडचा प्रश्न याआधीच एका वेगळ्याच माणसाने मुळापासून सोडविला होता. फ्रान्समधील मार्सेल ओदिफ्रेन हे धर्मगुरू आणि पदार्थविज्ञानाचे शिक्षक. त्यांचे यंत्र आजही पाहताना मौज वाटते. एकाच पोकळ दांड्याच्या दोन टोकांना दोन धातूचे भोपळे, व्यायामशाळेतील डंबेलसारखे. संपूर्ण डंबेल बाहेरच्या पट्ट्याने फिरे. एक भोपळा थंड पाण्याच्या टाकीत, दुसरा मिठाच्या पाण्यात. कॉम्प्रेसर एका भोपळ्याच्या पोटात होता, परंतु त्याला खाली जड वजन टांगलेले असल्यामुळे भोपळा फिरला तरी तो लंबकासारखा एका जागी लोंबकळत राही, आणि या दोहोंतील फरकाने दट्ट्या चाले. फिरणारा दांडा भिंतीतून आत जातच नव्हता, कारण भिंतच फिरत होती. ग्लँड नाही, म्हणून गळती नाही. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९११ पासून हे यंत्र बनविले. पण त्याला पाण्याची जोडणी लागे, ते अवजड होते आणि किंमत सुमारे १००० डॉलर, म्हणजे त्या काळच्या फोर्ड मोटारगाडीहून अधिक. सामान्य घरात ते गेले नाही. तरीही वायू जेथे असेल तेथे पूर्ण बंद कवच असावे, हा विचार त्याने जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यात रुजविला, असे मला वाटते.

१९२३ मध्ये त्या कंपनीतील अभियंते अलेक्झांडर स्टीव्हन्सन यांनी बाजारातील सर्व यंत्रांची पाहणी करून अहवाल लिहिला. त्यात पट्ट्याच्या यंत्रांची रड स्पष्ट मांडली होती. त्यानंतर मूळचे डेन्मार्कचे ख्रिश्चन स्टीनस्ट्रुप यांच्याकडे नवे यंत्र घडविण्याचे काम आले. त्यांची योजना सांगायला सोपी आहे : दांडा भिंतीतून न्यायचाच नसेल, तर मोटरही भिंतीच्या आत घ्या. बाहेरून आत जाईल ती फक्त वीज, आणि वीज फिरत नाही. तिच्या तारेभोवतीचे भोक कायमचे बुजविता येते.

करायला मात्र हे सोपे नव्हते. मोटर आत घेतली की ती वायूत आणि तेलात बुडाली. तिच्या तारांवरील वेष्टण सल्फर डायऑक्साइडमध्ये वर्षानुवर्षे टिकले पाहिजे. त्या काळच्या अनेक मोटरींना सुरू होण्यासाठी कार्बनचे ब्रश लागत. त्यांच्या ठिणग्या आणि झीज आत चालणारी नव्हती, म्हणून ब्रश नसलेली मोटर हवी. आत ओलाव्याचा थोडासा अंश राहिला, तर तो वायूशी मिळून आम्ल बनवी आणि ते आम्ल धातूला व तारांना खाऊ लागे. म्हणून प्रत्येक भाग जोडण्यापूर्वी पूर्ण कोरडा करणे आले. आणि एकदा कवच बंद केले की आत धुळीचा कण, धातूचा कीस किंवा सैल स्क्रू राहिला तरी तो काढायला वाट नाही.

जोडकामाची जी रीत स्टीनस्ट्रुप यांनी विकसित केली, तिच्याबद्दल इतिहासाच्या पुस्तकांत फारसे लिहिले जात नाही. पोलादाचे दोन भाग घट्ट बसवून जोडाजवळ तांब्याची तार ठेवायची आणि ते हायड्रोजन भरलेल्या भट्टीत तापवायचे. हायड्रोजन पोलादावरील गंज काढून पृष्ठभाग लखलखीत करतो, तांबे वितळते आणि दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे जोडाच्या बारीक फटीत ओढले जाते. टाकणखारासारखे काही लावावे लागत नाही, त्यामुळे आत काही उरतही नाही. एका भट्टीतून असे असंख्य जोड एकसारखे निघतात. बंदिस्त कॉम्प्रेसर प्रयोगशाळेतून लाखो घरांत गेला तो या भट्टीमुळे, असे माझे मत आहे. कल्पना ओदिफ्रेन यांच्याकडेही होती. त्यांच्याकडे ही भट्टी नव्हती.

१९२७ मध्ये हा फ्रिज ‘मॉनिटर टॉप’ या नावाने विक्रीस आला. पांढऱ्या कपाटाच्या डोक्यावर गोल डबा आणि त्याभोवती कंडेन्सरची नळी, असे त्याचे रूप. अमेरिकी यादवी युद्धातील ‘मॉनिटर’ या युद्धनौकेवरील गोल बुरुजाची लोकांना आठवण झाली आणि नाव पडले. कॉम्प्रेसर वर ठेवण्यात विचार होता : गरम हवा वरच जाते, ती कपाटाला तापवीत नाही. आतील दट्ट्याबरोबर सिलिंडरही झुलत असे, त्यामुळे सुटे भाग कमी लागत. हा फ्रिज लाखांनी खपला, आणि त्यांतील काही यंत्रे आजही संग्राहकांच्या घरी चालू स्थितीत आहेत.

परंतु जगातील सगळे फ्रिज १९२७ मध्ये बंदिस्त झाले नाहीत. शिकागोसारख्या शहरांत बहुमजली इमारतींच्या तळघरात एकच मोठा कॉम्प्रेसर बसवून घराघरांत नळ्या नेण्याची पद्धत होती, आणि त्यांत मेथिल क्लोराइड भरलेला असे. १९२८-२९ मध्ये त्या शहरात या वायूच्या विषबाधेने दहा जण मृत्यू पावले. ज्यांच्या घरात वायू पसरला, त्यांना गुंगी, डोकेदुखी, उलट्या यांचे कारण वेळीच समजले नाही. झोंबणारा सल्फर डायऑक्साइड निदान ओरडून सांगत असे.

बर्लिनमध्येही फ्रिजमधून गळालेल्या वायूने एक संपूर्ण कुटुंब दगावले. ती बातमी वृत्तपत्रात वाचून अल्बर्ट आइन्स्टाइन व्यथित झाले आणि त्यांनी तरुण सहकारी लिओ झिलार्ड यांच्यासह निर्धोक फ्रिजचा शोध सुरू केला. आइन्स्टाइन एकेकाळी बर्नच्या पेटंट कार्यालयात काम करीत, त्यामुळे यंत्रांचे आराखडे वाचणे त्यांना नवे नव्हते. फिरणारा भाग हेच गळतीचे मूळ, तर फिरणारा भागच नको, असा त्यांचा निष्कर्ष. विजेच्या चुंबकांनी बंद नळीतील वितळलेला धातू पुढे-मागे ढकलायचा आणि त्या धातूनेच दट्ट्याचे काम करायचे. एईजी या जर्मन कंपनीने नमुना बांधला. तो चालला, पण त्याचा आवाज असह्य होता. घरात तो कधीच गेला नाही. तसाच पंप पुढे काही अणुभट्ट्यांत द्रवरूप सोडियम फिरविण्यासाठी वापरला गेला.

तिसरी वाट रसायनशास्त्राची. जनरल मोटर्ससाठी थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये विषारी नसलेला, न जळणारा वायू शोधला. १९३० मध्ये अटलांटा येथील रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी तो छातीत भरून घेतला आणि हलकेच फुंकून मेणबत्ती विझविली. एकाच श्वासात दोन्ही गुण सिद्ध झाले. हाच फ्रिऑन, आपल्या जुन्या मेकॅनिकांचा ‘आर-१२’. फ्रिजच्या इतिहासात सर्वाधिक कौतुक याच वायूच्या वाट्याला आले आहे. मला ते पूर्णतः पटत नाही. वायू निरुपद्रवी आहे म्हटल्यावर तो गळण्याची भीती गेली, आणि भीती गेल्यावर दुरुस्तीच्या वेळी तो सरळ हवेत सोडून देण्याची सवय जगभर लागली. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी हा वायू वातावरणातील ओझोनचा थर खातो असे दाखविले, आणि १९८७ च्या मॉन्ट्रिऑल करारानंतर तो टप्प्याटप्प्याने बंद करावा लागला.

बंदिस्त डब्याबरोबर आलेली एक गोष्ट आपल्या घरात रोज अनुभवास येते. ब्रश नसलेल्या छोट्या मोटरीचा सुरुवातीचा जोर कमी असतो. पुढे दाब भरलेला असताना ती दट्ट्या ढकलू शकत नाही. यावर उपाय म्हणून पूर्वीच्या गुंतागुंतीच्या झडपांऐवजी काही हात लांबीची, केसासारख्या बारीक छिद्राची तांब्याची नळी आली. कॉम्प्रेसर थांबला की या नळीतून दोन्ही बाजूंचा दाब काही मिनिटांत सारखा होतो आणि मोटर पुन्हा हलकेपणाने सुरू होते. वीज जाऊन लगेच आली तर दाब सारखा व्हायला वेळ मिळत नाही; मोटर गुरगुरते, तापते आणि ओव्हरलोडचा ‘टक्’ असा आवाज येऊन बंद पडते. आपल्या स्टॅबिलायझरमध्ये तीन-चार मिनिटांचा जो विलंब ठेवलेला असतो, तो याच नळीसाठी. लोडशेडिंगच्या दिवसांत ज्यांनी स्टॅबिलायझरविना फ्रिज चालविले, त्यांच्यापैकी अनेकांचे कॉम्प्रेसर असेच जळाले.

भारतात १९५८ मध्ये मुंबईत गोदरेजने जनरल इलेक्ट्रिकच्या सहकार्याने फ्रिज बनविण्यास प्रारंभ केला. आपल्या कराडचे नावही या इतिहासाशी जोडलेले आहे. केल्विनेटरच्या उभारणीतील एडमंड कोपलँड यांनी पुढे डेट्रॉइटमध्ये स्वतःच्या नावाची कंपनी काढली होती. तेच नाव अनेक वर्षांनी कराडच्या किर्लोस्कर कोपलँड कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कॉम्प्रेसरवर झळकले.

आज नव्या घरगुती फ्रिजमध्ये बहुधा आयसोब्युटेन असतो, म्हणजे ‘आर-६००ए’. ओझोनला तो इजा करीत नाही. त्याचा उत्कलनबिंदू उणे १२ अंशांच्या आसपास, जुन्या सल्फर डायऑक्साइडच्या जवळपास. पण तो स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ आहे : जळतो, आणि हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. आत तो जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास भरलेला असतो, आणि बंद डबा धड आहे तोवर काही भय नाही. डबा किंवा नळी उघडताना मात्र जुन्या आर-१२ च्या सवयी घातक ठरतात. कॉम्प्रेसरवर ज्योतीचे पिवळे चिन्ह आहे का, हे आधी पाहावे. असल्यास आतील वायू नळीने खिडकीबाहेर मोकळ्या हवेत सोडावा, नळी ज्योतीने न सोडविता कटरने कापावी, ठिणगी पडणारा जुना रिले तेथे बसवू नये, आणि हे काम चालू असेतो शेजारच्या ओट्यावरील शेगडी व देवघरातील दिवा बंद ठेवण्यास घरच्यांना सांगावे. परक्या घरात असे सांगताना नवख्या मेकॅनिकला संकोच वाटतो. त्याने तो बाळगू नये, आणि घरच्यांनीही त्याचा राग मानू नये.